भार, भोवरा आणि दोनचा आकडा



दिल्लीतल्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग कुठे आहे हे सांगावे लागत नाही. जुने महाराष्ट्र सदन त्याच रस्त्यावर. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना भेटायला मंडी हाऊसवरून आपण तिथे किती वेळा चालत गेलो असू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि स्वतःभोवतीही फिरते, असे चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपला ठामपणे सांगणाऱ्या माणसाचे नाव त्या रस्त्याला आहे. शाळेच्या भूगोलात या दोन गतींची नावे आपण घोकली होती : परिभ्रमण आणि परिवलन. आजचे माझे सगळे बोलणे परिवलनाबद्दल आहे. ते पृथ्वीचे नाही, इलेक्ट्रॉनचे आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते गणित शिकवत. अर्धवट सुटलेले उदाहरण फळ्यावरून पुसायचे नाही, असा त्यांच्या वर्गाचा नियम होता. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून पुढे जायचे. मी जे सांगणार आहे ते असेच एक न पुसलेले उदाहरण आहे. शंभर वर्षे ते फळ्यावर आहे. त्यात काही ओळी बंगळुरात लिहिल्या गेल्या, काही मुंबईत, काही आपल्या या दिल्लीत.

उदाहरण मांडायला सोपे आहे. एखाद्या कणाला विद्युतभार आहे पण तो स्वतःभोवती फिरत नाही, तर त्याचे गणित आपल्याला येते. एखादा कण फिरतो पण त्याला भार नाही, तर तेही बहुतेक येते. दोन्ही एकाच कणावर आले, की अडते. भार आणि भोवरा एका घरात नीट नांदतात कसे, आणि कोणत्या अटीवर? माझा आजचा प्रश्न एवढाच आहे.

आधी भोवरा.

१९२२च्या फेब्रुवारीत फ्रँकफुर्टमध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा बारीक झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. प्रत्येक अणू हा एक छोटा लोहचुंबक. तो कुठल्याही दिशेला तोंड करून येणार, म्हणून समोरच्या काचेवर चांदीचा एक पसरट पट्टा उमटायला हवा होता. उमटल्या दोन वेगळ्या रेघा. मधे काही नाही. जणू प्रत्येक अणूला विचारले, वर की खाली, आणि तिसरे उत्तर द्यायची मुभाच नव्हती. याचा खरा अर्थ तेव्हा प्रयोग करणाऱ्यांनाही कळला नव्हता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्यांनी चांदी का घेतली? सरळ इलेक्ट्रॉनच का सोडले नाहीत? कारण चांदीचा अणू एकंदरीने भाररहित असतो. मोकळा इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात सोडला तर त्याच्या भारावरच चुंबकाचा जोर इतका पडतो, आणि झोत इतका पसरतो, की स्पिनची, म्हणजे भोवऱ्याची, कुजबुज त्या गोंगाटात ऐकूच येत नाही. बोर आणि पाउली यांनी पुढे हे तत्त्व म्हणूनच मांडले. पाहा, गोष्ट सुरू होताच भाराने भोवऱ्यावर पडदा ओढला. तो पडदा बाजूला करायला डेमेल्टसारख्या माणसाला एकच इलेक्ट्रॉन विद्युत-चुंबकीय सापळ्यात महिनोन्महिने कोंडून ठेवावा लागला. त्याला नोबेल मिळाले ते १९८९मध्ये.

१९२५मध्ये लायडनच्या उलेनबेक आणि गौडस्मिट या दोन तरुणांनी सुचवले की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो. त्याच वर्षाच्या सुरुवातीला क्रोनिग नावाच्या तरुणालाही हे सुचले होते. पाउलीने ते उडवून लावले, आणि क्रोनिगने ते छापलेच नाही. लायडनचे दोघे लोरेंट्झकडे गेले. त्या वृद्ध ऋषीने हिशोब करून दाखवला की हे चालणार नाही. उलेनबेकने घाबरून निबंध परत मागितला. गुरू एहरेनफेस्ट म्हणाले, तो तर मी केव्हाच पाठवला. तुम्ही तरुण आहात, एखादी चूक तुम्हाला परवडेल.

लोरेंट्झची हरकत काय होती? ती आजच्या आकड्यांनी करून पाहू. इलेक्ट्रॉन ही एक इवलीशी गोळी समजा. तिच्या भारावरून तिची जी ‘शास्त्रीय’ त्रिज्या निघते तेवढी ती मोठी धरा. आता मोजलेला स्पिन यायला ती किती वेगाने फिरायला हवी? तिच्या विषुववृत्तावरचा बिंदू प्रकाशाच्या वेगाच्या शंभराहून अधिक पट वेगाने धावायला हवा. निसर्गात हे होत नाही. म्हणजे गोळी खोटी. पण फिरणे मात्र खरे, कारण काचेवरच्या रेघा खऱ्या.

मग फिरते काय?

एक गोष्ट माझ्याबरोबर करून पाहा. उजव्या तळहातावर आरतीचे तबक आहे असे समजा. तळहात आकाशाकडेच ठेवून, निरांजन न विझवता, तबक काखेखालून आत वळवत एक पूर्ण फेरा घ्या. तबक जागेवर आले, पण हात पिळवटला. कोपर वर गेले. म्हणजे तबकाच्या दृष्टीने फेरा झाला, हाताच्या दृष्टीने नाही. आता त्याच दिशेने दुसरा फेरा घ्या, या वेळी डोक्यावरून. हात सुटला. दोन फेरे झाले तेव्हा कुठे सगळे पहिल्यासारखे झाले. इलेक्ट्रॉन असाच आहे. तीनशे साठ अंश फिरवला तर त्याचे गणिती चिन्ह उलटते. सातशे वीस अंशांनी तो मूळपदावर येतो. अर्धा स्पिन म्हणतात तो हा. इथे फिरणारी वस्तू शोधायची नाही. अवकाशात वळवल्यावर कण कसा वागतो त्या रीतीचे नाव स्पिन. चाळीस वर्षे मी हे मुलांना शिकवले, आणि दरवेळी कुणाचा तरी चेहरा त्या दुसऱ्या फेऱ्याला उजळायचा. त्या चेहऱ्यांसाठीच मी शिकवत राहिले.

आता भार आणू.

भार वर्तुळात फिरला की चुंबक तयार होतो. वस्तुमान आणि भार एकत्रच फिरत असतील, तर अमुक इतक्या फिरण्याला अमुक इतके चुंबकत्व, असे प्रमाण ठरलेले असते. त्या प्रमाणाला एक धरू. इलेक्ट्रॉनचे प्रमाण निघाले दोन. जेवढे फिरणे, त्याच्या दुप्पट चुंबकत्व. या आकड्याला भौतिकशास्त्रात जी-गुणांक म्हणतात. हा दोनचा आकडा लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीतले मुख्य पात्र तेच आहे.

आणि दोन घेतला की अणूच्या वर्णपटातल्या दुसऱ्या एका मोजणीत बरोबर दुपटीची चूक येऊ लागली. ती दुरुस्त केली १९२६मध्ये लेवेलिन थॉमस या बावीस वर्षांच्या पोराने. त्याने दाखवले की वाकड्या वाटेने धावणाऱ्या भोवऱ्याचा अक्ष, कुणीही हात न लावता, निव्वळ सापेक्षतेमुळे वळत राहतो. पुढच्याच वर्षी पाउलीने, ज्याने क्रोनिगला नाही म्हटले होते त्याच पाउलीने, स्पिनचे गणित लिहिले. पण दोन हा आकडा त्याला बाहेरून घालावा लागला.

१९२८मध्ये डिरॅक आले. त्यांना स्पिन शोधायचाच नव्हता. सापेक्षता आणि पुंजयामिकी यांना एकत्र बसवणारे सोपे समीकरण त्यांना हवे होते. ते मिळाले, आणि त्यात स्पिन आपोआप होता. भार जोडला की दोनही आपोआप होता. न मागता मिळालेल्या या दोनने माझ्या पिढीतल्या किती जणांना भौतिकशास्त्राकडे ओढले याची मोजदाद नाही. मीही त्यांच्यातलीच. शिवाय प्रतिकण. १९३२मध्ये अँडरसनला पॉझिट्रॉन सापडला तो याच समीकरणाच्या पोटातला. आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटून कसे विखुरतात याचे सूत्र केंब्रिजमध्ये बसलेल्या मुंबईच्या एका पारशी तरुणाने काढले. आज इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आपटवणाऱ्या त्वरकांवर टकरी किती झाल्या याचे मोजमाप त्या ‘भाभा विखुरणा’वरून होते.

होमी भाभांपाशी मला थोडे थांबायचे आहे.

भाभा म्हटले की आपल्याला तुर्भ्याची अणुभट्टी आठवते, अणुऊर्जा आयोग आठवतो. दिल्लीकरांना हेही आठवेल की केंद्र सरकारच्या खात्यांची मुख्यालये इथे असायची, आणि भाभांनी आपले खाते मुंबईत ठेवले; आजही ते तिथेच आहे. पण या सगळ्याच्या आधीचा एक भाभा आहे. तो मला जास्त जवळचा वाटतो. १९३९मध्ये तो सुट्टीसाठी घरी आला, युद्ध सुरू झाले आणि परत जाता आले नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, रामन यांच्या विभागात, १९४०मध्ये तो रीडर म्हणून रुजू झाला. आणि त्या सक्तीच्या मुक्कामात त्याने जो प्रश्न हातात घेतला तो नेमका आपला आजचा प्रश्न होता. भार असलेला आणि स्वतःभोवती फिरणारा कण विद्युतचुंबकीय क्षेत्रात कसा हलतो? ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ कॉर्बेन यांच्यासह लिहिलेला हा निबंध रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये १९४१ साली छापला गेला. भाभा तेव्हा एकतीस-बत्तीस वर्षांचे होते.

अडचण काय होती ते सांगते. भारित कण स्वतःभोवती क्षेत्र पसरतो, आणि त्या क्षेत्रातही ऊर्जा असते. कण जितका लहान मानाल तितकी ती जास्त. आकार निम्मा केला तर भाराच्या क्षेत्राची ऊर्जा दुप्पट होते. हे एक वेळ सोसता येईल. पण तोच कण फिरणारा, म्हणजे चुंबकही असेल, तर आकार निम्मा केल्यावर चुंबकाच्या क्षेत्राची ऊर्जा आठपट होते. बिंदूपर्यंत पोचेतो दोन्ही अनंत, पण चुंबकाचा अनंत कितीतरी उग्र. मग अशा कणाचे गतीचे समीकरण लिहायचे तरी कसे? स्वतःच्याच क्षेत्राचा स्वतःवर पडणारा जोर कसा मोजायचा?

युक्ती डिरॅकने १९३८मध्ये नुसत्या भारासाठी दाखवली होती. कणाच्या अवकाश-काळातल्या वाटेभोवती एक बारीक नळी कल्पायची. नळीच्या आत काय चालले आहे ते विचारायचे नाही. नळीच्या भिंतीतून ऊर्जा आणि संवेग किती आत गेला, किती बाहेर आला, याचाच चोख हिशोब ठेवायचा. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा, तसे हे. गावातल्या घराघरात डोकावावे लागत नाही; वेशीवरची वही पुरते. भाभांनी ही वही फिरणाऱ्या कणासाठी लिहिली. तिथे ऊर्जा आणि संवेगाबरोबर कोनीय संवेगाचाही रकाना लागतो. आणि आठपट वाढणारे ते उग्र अनंत रकान्यांतून वेगळे काढावे लागतात. पानेच्या पाने बीजगणित. आधी १९२६मध्ये लेनिनग्राडच्या फ्रेंकेलने अशा कणाची समीकरणे लिहिली होती. पण कणाच्या स्वतःच्या क्षेत्राची उलट प्रतिक्रिया धरून, सापेक्षतेला धक्का न लावता, हे पूर्ण करणारे भाभा आणि कॉर्बेन. कॉर्बेन यांनी तर पुढे १९६८मध्ये फिरणाऱ्या कणांच्या शास्त्रीय आणि पुंजसिद्धांतांवर अख्खे पुस्तक लिहिले.

कुणी म्हणेल, डिरॅकचे पुंजसमीकरण असताना हा जुन्या वळणाचा खटाटोप कशाला? मला वाटते, भाभांना त्या जुन्या भोवऱ्याला अर्ध्यावर सोडवत नव्हते. पुंजसिद्धांतात अनंत येतात, तसेच ते इथेही येतात. मग ते पुंजांमुळे आले की बिंदू मानल्यामुळे? हे वेगळे करायचे तर शास्त्रीय हिशोब आधी पूर्ण व्हायला हवा. अर्धवट उदाहरण पुसायचे नाही, हाच तो नियम.

त्यांच्याकडे १९४३मध्ये एक वीस वर्षांचा मुलगा आला. कानपूरचा हरीशचंद्र, अलाहाबादेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली शिकलेला. हे कृष्णन म्हणजे पुढे आपल्या पुसा टेकडीवरच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक. स्फटिकांचे चुंबकत्व हा त्यांचा आयुष्याचा विषय, म्हणजे कोट्यवधी इलेक्ट्रॉनी भोवऱ्यांचा एकत्र नाद. त्या प्रयोगशाळेची कोनशिला नेहरूंनी ४ जानेवारी १९४७ रोजी बसवली. हरीशचंद्र बंगळुरात भाभांबरोबर बिंदुकणांवर काम करून १९४५मध्ये केंब्रिजला डिरॅककडे गेले. १९४८च्या एका निबंधात त्यांनी विचारले, निव्वळ एकच ध्रुव असलेला चुंबक कुठे असलाच, तर भार आणि स्पिन दोन्ही असलेला डिरॅकचा इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती अणूसारखा बांधला जाईल का? त्यांचे उत्तर : नाही. पुढे ते गणितात गेले आणि गणिताच्या जगात त्यांचे नाव किती मोठे झाले ते आपण जाणता. पण त्या गणिताचे बी स्पिनच्या याच मातीत पडले होते, हे त्यांच्याविषयी बोलताना अनेकदा राहून जाते.

१९४५मध्ये भाभांनी पुढचे पाऊल टाकले. स्पिन अर्धाच का? दीड का नको, दोन का नको? कितीही स्पिनच्या कणासाठी चालेल असे एकच समीकरण त्यांनी मांडले. त्यात एक विचित्र गोष्ट निघाली. स्पिन एकाच्या पुढे गेला की एकाच समीकरणातून एकाहून अधिक वस्तुमानांचे कण बाहेर पडतात. निसर्गात अशी जोडगोळी नंतर कुणाला दिसली नाही. पण म्हणून ते समीकरण वाया गेले का? इथून गोष्ट वळण घेते.

दीड स्पिनच्या एकाच कणासाठी, एकाच वस्तुमानाचे समीकरण रारिता आणि श्विंगर यांनी १९४१मध्ये लिहिले होते. नेटके, सुबक. कण एकटा असेपर्यंत. त्याला भार दिला आणि बाहेरचे क्षेत्र लावले, की? केरळात जन्मलेले आणि भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५२ ते १९५५ काढलेले जॉर्ज सुदर्शन पुढे अमेरिकेत गेले. त्यांनी १९६१मध्ये केनेथ जॉन्सन यांच्यासह दाखवले की भारित दीड-स्पिन कणाच्या या सिद्धांताला पुंजनियम लावले की तो स्वतःशीच विसंगत होतो. शक्यता ऋण निघण्याची वेळ येते. १९६९मध्ये वेलो आणि झ्वान्झिगर यांनी आणखी जबर धक्का दिला. पुंज बाजूला ठेवा, नुसते समीकरण पाहा. क्षेत्र लावताच त्याच्या लाटा प्रकाशाहून वेगाने धावू लागतात.

चव्वेचाळीस वर्षांनी लोरेंट्झची हरकत परत आली! गोळी टाकून दिली होती, विषुववृत्त टाकून दिले होते, शुद्ध गणित शिल्लक होते. आणि भार जोडताच तोच प्रकाशाहून अधिक वेग. मला या योगायोगाचा अजूनही शहारा येतो. आणि भाभांचे ते ‘वाया गेलेले’ समीकरण? ते क्राझिक आणि निएटो यांनी १९७०च्या दशकात तपासले. भाभांच्या समीकरणाला भार जोडला तरी लाटा प्रकाशापुढे जात नाहीत. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते; ती जादा वस्तुमाने फुकट आलेली नव्हती. पण मर्यादा पाळली जाते.

मग भार आणि मोठा स्पिन एकत्र नांदूच शकत नाहीत का? नांदतात. अट एकच, आणि ती अट म्हणजे आपला दोन. १९८३मध्ये सर्नमध्ये सापडलेला डब्ल्यू कण घ्या. भारित आहे, स्पिन एक आहे, आणि त्याच्या सिद्धांतात जी-गुणांक मुळात दोन आहे. तो दोन नसता तर खूप उच्च ऊर्जांवर उत्तरे बेताल वाढत गेली असती. दीड स्पिनचा भारित कण सुसंगतपणे बसवता येतो तो अतिगुरुत्वाच्या सिद्धांतात, आणि तिथेही दोनच. १९९२मध्ये फेरारा, पोराती आणि टेलेग्डी यांनी हे एकत्र मांडले : मूलकणाचा स्पिन कितीही असो, जी-गुणांकाचे स्वाभाविक मूल्य दोन. डिरॅकला अर्ध्या स्पिनसाठी न मागता मिळालेला आकडा हा सगळ्या घराण्याचाच निघाला. इतकेच काय, भारित आणि फिरणाऱ्या कृष्णविवराचा जी-गुणांक ब्रँडन कार्टर यांनी १९६८मध्ये काढला, तोही दोन! का, हे पूर्णपणे उलगडले आहे असे मी म्हणणार नाही.

आणि ज्याचा दोन नाही त्याचे काय?

१९३३मध्ये स्टर्न हॅम्बुर्गमध्ये प्रोटॉनचे चुंबकत्व मोजायला बसले. सैद्धांतिक मंडळी म्हणाली, कशाला, ते ठरलेलेच आहे. मोजमाप आले, आणि जी-गुणांक निघाला दोनच्या कितीतरी वर. आज आपण ५.५९ म्हणतो. न्यूट्रॉनला तर भारच नाही, त्याचे चुंबकत्व शून्य हवे, तेही नाही. दोनची अट मोडणारा कण आपल्या पोटात काहीतरी लपवतो आहे. तीस वर्षांनी क्वार्क आले. तीन क्वार्कांच्या साध्या मांडणीतून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या चुंबकत्वाचे गुणोत्तर उणे दीड यायला हवे. मोजलेले आहे उणे १.४६. क्वार्कांच्या या मांडणीवर आपल्या दिल्ली विद्यापीठात अशोक नाथ मित्र यांनी १९६०च्या दशकात काम केले. मॉरिसनगरच्या बाजूने जाताना त्या इमारतीकडे मी अजूनही आदराने पाहते.

प्रोटॉनच्या या भोवऱ्याची एक शाखा थेट आपल्या घरात येते. सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात डुलतो, जाळी सुटलेला भोवरा वेग कमी झाला की डुलतो तसा. एक टेस्ला क्षेत्रात सेकंदाला ४ कोटी २६ लाख वेळा. हा आकडा थेट त्याच्या ५.५९ वरून येतो. पण आजूबाजूचे इलेक्ट्रॉन क्षेत्र किंचित झाकतात, त्यामुळे रेणूत बसलेल्या जागेप्रमाणे डुलण्याचा ताल किंचित बदलतो. १९५१मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी अल्कोहोल घेतले आणि त्यातल्या प्रोटॉनांचे तीन वेगवेगळे ताल कागदावर उमटवले, त्यांचे जोर तीनास दोनास एक. रेणूत कुठे किती हायड्रोजन आहेत ते रेणू न फोडता वाचता आले. रसायनशास्त्राचे रूपच त्याने पालटले. यातले धर्मट्टी आपल्याकडचे. टाटा संस्थेत परतून त्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाचा विभाग उभा केला. अणुगर्भाचे स्पिन वाचायची परंपरा आपल्याकडे अशी रुजली. आज अरुणा असफ अली मार्गावरच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात दीड कोटी व्होल्टच्या पेलेट्रॉनवर गरगर फिरवलेल्या अणुगर्भांचा अभ्यास चालतो, आणि त्यासाठीचा गॅमा संवेदकांचा संच मुंबई, कोलकाता, दिल्ली असा आळीपाळीने फिरत असतो.

आणि देशातले पहिले एमआरआय यंत्र १९८६मध्ये बसले तेही इथेच, तिमारपूरच्या इनमास संस्थेत. गेल्या वर्षी माझ्या यजमानांना अशाच एका यंत्रात झोपवले, तेव्हा मी काचेपलीकडे बसले होते. ठक ठक आवाज येत होता. दीड टेस्ला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६ कोटी ४० लाख वेळा त्यांच्या शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन डुलत होते. पडद्यावर मणका उमटला. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवले, दुखते ते इथे. मी त्या पांढऱ्या-करड्या चित्राकडे पाहत राहिले. स्टर्न यांना लोकांनी मोजू नका म्हटले होते तोच आकडा माझ्या माणसाची वेदना मला दाखवत होता.

शेवटचा मुद्दा. इलेक्ट्रॉनचा दोन तरी नेमका दोन आहे का?

नाही. १९४७मध्ये कुश आणि फोली यांना तो किंचित जास्त आढळला. श्विंगरने १९४८मध्ये कारण दिले : निर्वात पोकळी रिकामी नसते, इलेक्ट्रॉन क्षणोक्षणी प्रकाशकण सोडतो आणि परत गिळतो. भाभांनी वेशीवर अडवलेले ते स्वतःचे क्षेत्र पुंजरूपाने परत आले, आणि या वेळी त्याने अनंत न देता एक लहानसा आकडा दिला. आज तो २.००२३१९३०४३६ असा, आणि याच्याही पुढच्या घरांपर्यंत मोजलेला आहे.

इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचे, म्युऑनचे, मोजमाप आणखी देखणे आहे. पंढरीच्या वाटेवर रिंगण पाहिले असेल. अश्व गोलात धावतो आणि त्याचे तोंड सदैव वाटेच्या दिशेला असते. चुंबकीय कड्यात धावणाऱ्या म्युऑनचा जी-गुणांक नेमका दोन असता, तर त्याचा स्पिन असाच वाटेकडे तोंड करून राहिला असता. तो दोनहून जरा अधिक, म्हणून प्रत्येक फेरीत स्पिन थोडा पुढे वळतो. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये चौदा मीटर व्यासाच्या कड्यात तो दर फेरीला सुमारे १२ अंश पुढे जातो. हा हिशोब ज्या सूत्राने होतो ते १९५९चे. बार्गमन, मिशेल, आणि मघाचेच टेलेग्डी. थॉमसपासून भाभांपर्यंत चालत आलेला शास्त्रीय भोवऱ्याचाच तो धागा. या प्रयोगाचा अंतिम आकडा २०२५च्या जूनमध्ये आला, शंभर कोटींत १२७ भागांच्या अचूकतेने. सिद्धांताशी त्याची तफावत आहे असे वीसेक वर्षे वाटत होते. नव्या संगणकी हिशोबांनी ती आता मिटत आली आहे.

एक तपासणी मात्र चालूच आहे. इलेक्ट्रॉनचा भार त्याच्या भोवऱ्याच्या अक्षावर अगदी मधोमध आहे, की वर किंवा खाली जरासा कललेला? कलला असेल, तर काळाची दिशा उलटल्यावर निसर्गाचे नियम बदलतात असा त्याचा अर्थ होईल. आणि विश्वात पदार्थ उरला, प्रतिपदार्थ का उरला नाही, याचे बोट तिथे धरता येईल. अमेरिकेतल्या बोल्डर इथे २०२३मध्ये झालेल्या मोजणीत असा कल सापडला नाही. असलाच तर तो किती लहान आहे याची मर्यादा मात्र ठरली. मी घरी बसून तिचे प्रमाण काढून पाहिले. लोरेंट्झची ती खोटी गोळी घ्या आणि पृथ्वीएवढी फुगवा. मग या मर्यादेनुसार भार मध्यापासून एका अणूच्या रुंदीहून अधिक सरकलेला असू शकत नाही. आता त्याहून बारीक पाहायचे प्रयत्न चालले आहेत.